रथपंजरातला गंज

मळवली स्टेशनवर उतरून भाजे गावातून पायऱ्या चढून गेले की चैत्यगृह आणि चौदा स्तूप मागे टाकून, लेण्यांच्या दक्षिण टोकाला एक विहार लागतो. त्याच्या ओसरीत दाराशेजारच्या भिंतीवर चार घोड्यांचा रथ कोरलेला आहे. रथात एक पुरुष आणि दोन स्त्रिया उभ्या आहेत, आणि चाकांखाली एक अवाढव्य देह चिरडला जातो आहे. बरेच अभ्यासक त्या पुरुषाला सूर्य मानतात, काहींना त्यात मांधाता राजाची कथा दिसते. भाजेची लेणी इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून कोरली जाऊ लागली. त्याच शतकात दूर वायव्येला, साकल म्हणजे आजच्या सियालकोटमध्ये, मिनांडर नावाचा यवन राजा राज्य करत होता. बौद्ध परंपरेने त्याला मिलिंद म्हटले आणि नागसेन नावाच्या भिक्खूशी झालेला त्याचा संवाद पुढे ग्रंथरूपाने जपला. मराठी माणसाला ही दोन्ही नावे अनोळखी नाहीत. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला उभ्या केलेल्या महाविद्यालयाचे नाव मिलिंद आहे आणि त्याच्या परिसराचे नाव नागसेनवन. मावळालाही यवन परके नव्हते. भाजेसमोरच्या डोंगरात कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या कित्येक खांबांवर धेनुकाकटाहून आलेल्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत.

नागसेनाने मिलिंदाला जे विचारले ते रथावरूनच विचारले. महाराज, आपण इथे पायी आलात की रथातून? रथातून, असे उत्तर आल्यावर तो एकेक भाग पुढे करतो. दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके, जू, लगाम, चाबूक, यांतला कोणता भाग रथ आहे? मग सगळे एकत्र ढीग करून ठेवले तर तो रथ का? आणि या सर्वांना वगळून रथ म्हणून वेगळे काही आहे का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या भागांच्या आधाराने रथ हे नाव चालते, त्यापलीकडे रथ नावाची वस्तू सापडत नाही. माणसाचेही तसेच, असे नागसेन सांगतो. या यादीत एक शब्द आहे, रथपंजर. पंजर म्हणजे सांगाडा, ज्यावर बाकी सगळे बसते तो. मोटारीच्या जगात त्यालाच चेसिस म्हणतात, गॅरेजच्या बोलीत चासी. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या चासीत दडलेला गंज आणि त्यावर पूर्वी कुणीतरी केलेली कच्ची डागडुजी हा विषय मला या रथपंजराच्या प्रश्नाशी थेट जोडलेला वाटतो. वस्तूत आत्मा नसेल, तर ती खरी आहे की खोटी हे ठरवायचे कशावरून? आणि ती खोटी झाली, तर तो दोष कुणाचा?

आधी गंजाकडे पाहू, कारण तत्त्वज्ञान त्याच्यानंतर येते. लोखंड ओले झाले आणि त्याला हवा मिळाली की ते आपल्या मूळ रूपाकडे, म्हणजे खनिजाकडे परत जाऊ लागते. पाणी दिसायलाच हवे असे नाही. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या पुढे गेली की पत्र्यावर पाण्याचा इतका पातळ थर धरतो की तो बोटाला जाणवत नाही, पण लोखंडाला पुरतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या काळात ढग घरात शिरतात, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, काड्यापेटी पेटत नाही. मुंबईच्या धनिकांनी लोणावळा-खंडाळ्याला बंगले बांधले, आणि अशा बंगल्याच्या पडवीत जी गाडी पावसाळाभर उभी राहते ती वरून कोरडी असली तरी आतून भिजलेली असते. चासीच्या नळ्या, दरवाज्याखालच्या पोकळ पट्ट्या, चाकांच्या कमानींमागचे कोपरे हे सगळे बंद डबे असतात. दिवसा हवा आत जाते, रात्री थंड पत्र्याला तिचे पाणी सुटते. ते निघून जावे म्हणून ठेवलेली भोके चिखलाने बुजतात. मग गंज आतून बाहेर येतो. त्याचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असते, त्यामुळे तो दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला की सांधा फुगवून उचकटतो. बाहेरच्या रंगावर तांदळाएवढा फोड दिसू लागतो तेव्हा आतले काम झालेले असते.

स्पोर्ट्स गाड्यांत हे दडणे अधिक भयंकर होते, कारण त्यांच्यात प्रत्येक भागाला वजन वाचवण्यासाठी पातळ केलेले असते आणि छप्पर नसल्यामुळे सगळा भार खालच्या सांगाड्यावर येतो. ट्रायम्फ हेरल्डचे उदाहरण घ्यावे. हीच गाडी १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड म्हणून बनू लागली आणि आपल्या रस्त्यांवर ती वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. तिच्या खाली स्वतंत्र चासी होती आणि बाजूला भार घेणारे हात होते. त्याच चासीला आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फने स्पिटफायर ही स्पोर्ट्स गाडी काढली, आणि ते बाजूचे हात काढून टाकून भार दरवाज्याखालच्या पट्ट्यांवर दिला. हेरल्डमध्ये त्या जागचा गंज कुरूप दिसे. स्पिटफायरमध्ये त्याच जागचा गंज गाडीला मधोमध वाकवू शकतो. त्याच १९६२ साली आलेली लोटस एलान तर या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट रूप आहे. तिचे अंग फायबरचे आणि आत दुमडलेल्या पत्र्याचा एक कणा. फायबरला गंज लागत नाही. साठ वर्षांनीही एलान झळाळती असू शकते आणि आतला कणा समोरच्या चाकांजवळ हाताने मोडण्याइतका पोखरलेला असू शकतो. आपल्याकडे अलिबागजवळ बनलेली चिंकारा रोडस्टर किंवा सॅन स्टॉर्म, यांचेही अंग फायबरचेच. ज्या गाडीचे रूप कधी म्हातारे होत नाही, तिच्या मालकाने तिच्या आत अधिक वेळा डोकावायला हवे.

आता पूर्वीच्या दुरुस्त्यांकडे येऊ. कच्चा डेंटर गंजलेल्या भोकावर काय करतो? त्यात जाळी किंवा वर्तमानपत्राचा बोळा कोंबतो, वर लांबी भरतो, घासून गुळगुळीत करतो आणि रंग मारतो. लांबीत राळ आणि शंखजिऱ्याची भुकटी असते. ती ओलावा शोषून धरते आणि गंजाला रोज पाणी पाजते. जरा बरा वेल्डर गंजलेल्या पत्र्यावरच नव्या पत्र्याचा तुकडा चिकटवतो. पण कुजक्या पत्र्याला टाका धरत नाही, तो कडेला धरल्यासारखा वाटतो. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडते आणि वेल्डिंगच्या आचेने मागच्या बाजूचा रंग जळून गेल्याने नवा पत्राही पाठीमागून गंजू लागतो. खरी दुरुस्ती उलट दिशेने जाते. आधी रंग आणि लांबी उतरवायची. मग चकचकीत, निरोगी धातू लागेपर्यंत कापत जायचे, आणि हा कापण्याचा भाग माणसाला सर्वांत जड जातो, कारण भोक हाताएवढे दिसत होते ते कापता कापता फूटभर होते. कापण्याआधी गाडीला आतून आधार ठोकायचा, नाहीतर पट्टी काढताच अंग खचते आणि पुन्हा दरवाजा बसत नाही. मूळच्या जाडीचा, मूळच्या घडीचा तुकडा करून तो कडेला कड लावून जोडायचा, आणि शेवटी पोकळीत मेण सोडायचे. या कामाचे नव्वद टक्के कष्ट झाकले जातात. रंग झाल्यावर चांगली दुरुस्ती आणि वाईट दुरुस्ती शेजारी उभ्या केल्या तर डोळ्याला फरक कळत नाही. म्हणूनच हा प्रश्न कौशल्याबरोबर धर्माचाही होतो. ज्या कामाची परीक्षा कुणी घेणार नाही ते माणूस कसे करतो, हे विचारणारा प्रश्न धर्माचाच असतो.

यावर पहिला आक्षेप नागसेनाच्याच बाजूने येऊ शकतो. रथ नावाची वस्तूच नसेल तर खरी लोटस आणि खोटी लोटस हा भेद कुठून आणायचा? सगळे भाग बदलले तरी नाव चालते, मग लांबीच्या गोळ्याला चासी म्हटले तर बिघडले कुठे? ग्रीक परंपरेत थिसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या गेल्या आणि तेच जहाज उरले का, यावर तत्त्ववेत्ते भांडले. त्यांचा प्रश्न ओळखीचा होता, नागसेनाचा प्रश्न तसा नाही. नागसेन म्हणतो, नाव भागांच्या आधाराने चालते. यातला आधार हा शब्द मोलाचा आहे. भागांच्या ढिगाला रथ म्हणता येत नाही हे राजाने कबूल केले होते, म्हणजे भाग एकमेकांना ज्या रीतीने धरतात त्या धरण्यावर नाव उभे आहे. वस्तूच्या आत एखादा अविनाशी गाभा असता, तर सांधे कच्चे असूनही ती वस्तू त्या गाभ्याच्या जोरावर खरी राहिली असती. कठोपनिषदातही देहाला रथ म्हटले आहे, पण तिथे रथी वेगळा आहे आणि रथ मोडला तरी तो मोडत नाही. नागसेनाच्या रथाला असा रथी नाही. त्याच्यापाशी सांध्यांखेरीज दुसरे काहीच नाही. म्हणून अनात्मवादातून बेफिकिरी निघते असे ज्यांना वाटते त्यांनी तो वाद अर्धाच वाचला आहे. आत्मा नसलेल्या वस्तूत खोटा सांधा म्हणजे पूर्ण खोटेपणा, कारण त्याला सावरून घ्यायला मागे कुणी उभे नसते. मूळचा पत्रा काढून त्याच जाडीचा नवा पत्रा प्रामाणिकपणे जोडला तर रथ रथच राहतो. मूळचा पत्रा तसाच ठेवून वर लांबी थापली, तर सगळे मूळ भाग जागेवर असूनही रथ संपलेला असतो.

आपल्या कायद्यानेही या प्रश्नाला हात घातला आहे आणि तो नेमका याच ठिकाणी अडखळतो. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हीए अक्षरांची पाटी मिळते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, आणि चासी, अंग किंवा इंजिनात फेरबदल होईल असे मोठे काम तिच्यावर झालेले नसावे. हेतू चांगला आहे. गाडीची कायदेशीर ओळख चासीवर ठोकलेल्या क्रमांकात असते आणि तो क्रमांक दुसऱ्याच गाडीवर चढवणारे लोक जगभर आहेत. पण पन्नास पावसाळे पाहिलेल्या पत्र्याच्या बाबतीत मूळ स्वरूप याचा अर्थ काय? गंज हाच सर्वांत मोठा फेरबदल आहे, आणि तो कुणीही न करता झालेला आहे. ज्या मालकाने पोखरलेली चासी कापून मूळ मापाची केली त्याला आपण काही फेरबदल केला असे वाटून भीती वाटावी, आणि ज्याने वर काळा डांबरी रंग मारून ती लपवली त्याने निर्धास्त असावे, असा अर्थ नियमाचा लावला जाऊ नये. मूळ मापात, मूळ धातूत, नोंद ठेवून केलेली दुरुस्ती ही मूळ स्वरूपाकडे परत जाणेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग दोष कुणाचा? गंज हा कुणाचाच अपराध नाही, तो झाकणे हा मात्र आहे. भाजे आणि कार्ल्याच्या विहारांत जे भिक्खू पावसाळ्याचे वर्षावास करत, त्यांच्या विनयात, म्हणजे आचारनियमांत, याबाबत एक अतिशय नेमका नियम आहे. तेरा गंभीर दोषांचा एक गट आहे, त्याला संघादिसेस म्हणतात. असा दोष घडलेल्या भिक्खूने तो लगेच सांगितला, तर त्याला सहा रात्रींचे मानत्त नावाचे प्रायश्चित्त असते. त्याने तो लपवला, तर जितके दिवस लपवला तितक्या दिवसांचा परिवास, म्हणजे परीक्षेचा काळ, त्याला आधी पाळावा लागतो, आणि मानत्त त्याच्यानंतर. म्हणजे दोषाची शिक्षा ठरलेली आहे, झाकण्याची शिक्षा मात्र दिवसागणिक वाढते. लोखंडाचा हिशेब याच रीतीने चालतो. एका पावसाळ्यात दिसलेल्या फोडाला हातभर पत्रा आणि एक दिवस लागतो. त्यावर लांबी भरून दहा पावसाळे काढले की अर्धी गाडी कापावी लागते, आणि त्या खर्चातला मूळ गंजाचा वाटा अगदी थोडा असतो. दोष आणि दोषाचे झाकणे या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात हे विनयाने ओळखले होते. गॅरेजात मात्र दोन्हीचे बिल एकच येते, आणि ते ज्याने झाकले त्याला सहसा येत नाही. ते तिसऱ्या किंवा चौथ्या मालकाला येते. जो अजून समोर नाही, ज्याचे नाव माहीत नाही, जो आपल्याला कधी जाब विचारू शकणार नाही, त्याच्याशी केलेली ही लबाडी आहे. समोरच्या गिऱ्हाइकाला फसवणारा निदान त्याच्या नजरेला नजर देण्याचे धाडस करतो.

इथे मराठी मन एक आक्षेप घेईल आणि तो हलका नाही. आपण चुकांवर पांघरूण घालतो आणि त्याला माया म्हणतो. आईने लेकराच्या, बायकोने नवऱ्याच्या, थोरल्या भावाने धाकट्याच्या चुकांवर पांघरूण घातले म्हणून कित्येक घरे टिकली. हे खरे आहे, आणि त्याचे कारण असे की माणूस पांघरुणाखाली सुधारू शकतो. त्याला लाज असते, वेळ मिळाला की तो स्वतःला सावरतो. लोखंडाला लाज नाही. पांघरूण त्याला ऊब देत नाही, ओल देते. माणसाच्या बाबतीतही पांघरुणाचा हा गुण तेवढाच काळ टिकतो जेवढा काळ खाली काही सुधारत असते. दुसरा आक्षेप समोर कार्ल्यात उभा आहे. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्या पाहून वाटते की छताचा भार त्यांनी पेलला आहे. वास्तविक त्या काहीच पेलत नाहीत, छत अखंड कातळाचे आहे. म्हणजे भार पेलत असल्याचे सोंग आणलेला भाग पवित्र वास्तूत चालतो, मग गाडीत का चालू नये? उत्तर त्या कमानींच्या वर आहे. त्यांच्या मागे डोंगर आहे. कमान उद्या गळून पडली तरी छत जागेवर राहील, आणि भाज्याला चैत्याच्या दर्शनी भागाचे लाकूड नाहीसे झाले तेव्हा नेमके तेच घडले. तिथे आज केवळ लाकूड बसवण्याच्या खोबणी दिसतात. गाडीतल्या लांबीच्या मागे डोंगर नाही. तिथे पोकळी आहे, आणि त्या पोकळीवर कुणीतरी बसून घाट उतरणार आहे. सोंग निष्पाप ठरते ते त्याच्या मागे सत्य भक्कम असेल तरच.

कच्च्या दुरुस्तीचा सरसकट धिक्कार करणेही अन्यायाचे होईल. १९९१ पूर्वीच्या भारतात परदेशी गाडीचा पत्रा आयात करणे सामान्य मालकाला जवळपास अशक्य होते. एमजी किंवा ट्रायम्फची पट्टी हवी असेल तर डेंटर वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून ती घडवत असे, आणि पत्रा तेलाच्या पिंपाचाही असे. कुणी तुटक्या चासीला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावून नटबोल्टने आवळून ठेवले. ते ओबडधोबड दिसते, पण ते खोटे नाही. त्या पट्ट्या सांगतात की इथे मोडले होते आणि आम्हाला इतकेच जमले. पुढच्या माणसाला ते दिसते, तो सावध होतो. अशा कामाकडे पाहताना मला आदरच वाटतो, आणि ते काढून नवे करताना त्याचा एखादा तुकडा जपून ठेवावा असेही वाटते, कारण तो त्या गाडीच्या भारतातल्या आयुष्याचा पुरावा आहे. अडाणीपणा, गरिबी, साधनांचा तुटवडा ही कारणे दुरुस्ती कच्ची करतात. तिला खोटी मात्र एकच गोष्ट करते, आणि ती म्हणजे शेवटचा गुळगुळीत रंग, जो खालची अडचण दिसू नये एवढ्यासाठीच मारलेला असतो. या भेदावर ज्यांना शंका असेल त्यांनी कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचा विचार करावा. १९५५ साली तिला वज्रलेप झाला, २०१५ साली पुन्हा संवर्धन झाले, वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. मूर्तीवर लेप आहे हे लाखो भक्तांना माहीत आहे, कोणत्या साली झाला हेही माहीत आहे, आणि त्यामुळे कुणाची श्रद्धा खोटी ठरली नाही. जीर्णोद्धाराचा आपला शास्त्रविधीही आधी उघड कबुली मागतो. मूर्तीला हात लावण्यापूर्वी तिच्यातले देवत्व कलशात काढून घेतात, म्हणजे देवच बाजूला होऊन कारागिराला सांगतो की हे जीर्ण झाले आहे, आता काम कर.

शेवटचा आक्षेप असा, की हा श्रीमंतांचा छंद आहे. घाटात रविवारी फिरवायच्या गाड्यांवर इतका धर्मविचार कशाला? याला मी मावळातल्याच दुसऱ्या लोखंडाने उत्तर देतो. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते, मावळ ओलांडून देहूला आणि पुढे आळंदीला जाते. तिच्यावर तळेगावजवळ कुंडमळा येथे एक जुना लोखंडी पूल होता. १५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, पावसाळी पर्यटकांची गर्दी त्यावर असताना तो कोसळला. चार जणांचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. तिथला दोष दडलेला नव्हता. पूल धोकादायक आहे हे ठरलेले होते, तशी पाटीही होती. म्हणून या घटनेमुळे माझ्या युक्तिवादात मला भर घालावी लागते. लपवणे हा मोठा दोष आहे, पण न लपवता नुसते सांगून टाकणे पुरेसे होत नाही. विनयातला भिक्खू दोष सांगून मोकळा होत नाही. त्यानंतर प्रायश्चित्त असते, आणि किमान वीस भिक्खूंच्या संघाने पुन्हा सामावून घेतल्याशिवाय तो पूर्ववत होत नाही. पाटी ही कबुली आहे, दुरुस्ती नाही. विक्रीच्या कागदावर थोडा गंज आहे असे लिहून पोखरलेली गाडी एखाद्या पोराच्या हाती देणारा मालक याच जातीचा अपुरा प्रामाणिकपणा करतो. जो भार दुसरे लोक पेलणार आहेत, त्या भाराखालचे लोखंड एकतर दुरुस्त करावे किंवा वापरातून काढून घ्यावे. छंदाची गाडी हे या शिक्षणाचे चांगले ठिकाण आहे, कारण तिथे वेळ असतो, पैसा असतो आणि मालक स्वतः त्या लोखंडावर बसणार असतो. तिथेही जो समाज लांबीवर समाधान मानतो तो पुलावर काय करेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

व्यवहारात याचा अर्थ फार साधा आहे. कापण्यापूर्वी, कापल्यावर आणि जोडल्यावर फोटो काढावेत. कुठला पत्रा, किती जाडीचा, कोणत्या साली, कुणाच्या हातून बसला हे वहीत लिहावे आणि वही गाडीबरोबर पुढच्या मालकाला द्यावी. गाडीची किंमत या वहीने कमी होते असे दलाल सांगतात. जो गिऱ्हाईक समजून घेणारा आहे त्याच्यासाठी ती वाढते, आणि जो समजून घेणारा नाही त्याला फसवून मिळालेली जास्तीची रक्कम ही कमाई म्हणण्याच्या लायकीची नाही. कार्ल्याच्या खांबांवर दात्यांनी आपली नावे कोरली, हा खांब माझा, एवढे सांगण्यासाठी. वेल्डरने वहीत सही करावी ती त्याच रीतीची गोष्ट आहे. ज्या कामाखाली आपण सही करायला तयार नाही ते काम रंगाखाली जाऊ देऊ नये.

वर्षावास संपला की भिक्खूंचा प्रवारणा नावाचा विधी असतो. तो आश्विन पौर्णिमेला येतो, आपण जिला कोजागिरी म्हणतो. त्या दिवशी प्रत्येक भिक्खू, थोरातला थोरही, संघापुढे बसून विनंती करतो की माझा जो दोष तुम्हाला दिसला असेल, कानावर आला असेल किंवा ज्याची शंका आली असेल, तो मला सांगा. जुन्या गाडीची तपासणीही याच तीन वाटांनी होते. फोड डोळ्याला दिसतात. हातोडीने ठोकले की निरोगी पत्रा टणटणीत वाजतो आणि कुजका पत्रा बद्द आवाज देतो. आणि जिथे रंग सर्वांत सुंदर आहे तिथे लोहचुंबक लावून पाहावे, तो चिकटला नाही तर शंका खरी आहे. कोजागिरीच्या पाच दिवस आधी दसरा असतो. त्या दिवशी मावळात ट्रॅक्टरपासून टेम्पोपर्यंत प्रत्येक वाहन धुतले जाते, त्याला झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना एवढीच विनंती आहे की यंदा हार घालण्यापूर्वी ती जॅकवर उचला, खाली गादी टाकून झोपा, बॅटरी घ्या, आणि दरवाज्याखालच्या पट्टीची बुजलेली भोके तारेने मोकळी करून त्यातून काय गळते ते पाहा.